बाप्तिस्म्याची तारीख

१८७८ साली पंडिता रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास कलकत्त्याला पोचले. घडाघडा संस्कृत बोलणारी वीस वर्षांची मुलगी म्हणून शहरात कौतुक चाललं होतं. तिथल्या ख्रिस्ती लोकांनीही दोघांना एका मेळाव्याला बोलावलं. इंग्रजांबरोबर चहा-बिस्किटं खाणारे ब्राह्मण पाहून श्रीनिवासची खात्री झाली की कलकत्त्यात कलियुग पुरतं अवतरलं. मग सगळे उठले, खुर्च्यांसमोर गुडघे टेकून बसले आणि डोळे मिटून बोलू लागले. भावंडांना वाटलं, हे लोक खुर्च्यांना भजतात. निघताना त्यांच्या हातात संस्कृत बायबल पडलं. ते वाचून काही उमगलं नाही.

हा प्रसंग रमाबाईंनीच १९०७ साली आपल्या साक्षीत सांगितला आहे. देवाची गाठ पडल्याची गोष्ट सांगताना त्यांनी सुरुवातीचा हा गैरसमज गाळला नाही, म्हणून त्या पुस्तिकेवर माझा विश्वास बसतो.

*

आमच्याकडे उपासनेत साक्ष देण्याची चाल आहे. माणूस उभा राहतो, ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणतो आणि सांगतो: आधी मी असा होतो, अमुक तारखेला प्रभू भेटला, आता असा आहे. तरुण मंडळी तर एकमेकांना सरळच विचारतात, ‘तुझं तारण झालंय का?’ मला या साक्षी खोट्या वाटत नाहीत. दारू सुटलेला माणूस समोर उभा असतो, त्याची बायको पहिल्या बाकावर रडत असते, त्यात खोटं काय असणार? पण त्या फार लवकर संपतात. मधली वर्षं कुठे गेली, हा प्रश्न मनात राहतो.

मराठीत ती मधली वर्षं लिहिणारे लोक होऊन गेले. बाबा पदमनजींचं ‘अरुणोदय’ १८८८चं, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासूनची. पाळकसाहेबांच्या रजिस्टरात बाप्तिस्म्याची एकच तारीख असते. ही पुस्तकं वाचली की कळतं, गाठ एका तारखेला पडलेली नाही. कुणाची आधीच पडली होती, कुणाची पुढे आठ वर्षांनी, आणि एकाची पडली की नाही ते त्याचं त्यालाच शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

*

रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या वैद्यक शिकायला. कानांनी दगा दिला. ऐकू कमी यायचं, त्यामुळे तो रस्ता बंद झाला. वाँटेजच्या संन्यासिनींच्या मठात त्या राहत होत्या. तिथल्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलम भागात एक घर दाखवलं. समाजाने टाकलेल्या, ‘पतित’ म्हटल्या गेलेल्या बायकांना तिथे आसरा होता. रमाबाईंनी विचारलं, अशा बायकांसाठी तुम्ही एवढं का करता? उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवण्यात आला.

विहिरीवर भर दुपारी एकटी आलेली शोमरोनी बाई. यहुदी माणूस तिच्याकडे पाणी मागतो. तिलाच नवल वाटतं, कारण यहुदी शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत. पाच नवरे झालेले, सहावा नवरा नव्हे. गावातल्या बायका सकाळी घोळक्याने पाणी भरून गेल्यावर ही का येते, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या मुलीला, म्हणजे रमाबाईंना, तर नाहीच. पुराणं सांगत, तीर्थं करत ती देशभर फिरली होती. आई, वडील आणि बहीण दुष्काळात गेलेली. सगळी शास्त्रं दोनच मुद्द्यांवर एकमताची असतात, असं तिने पुढे लिहिलं: बाईची जात वाईट, आणि नवऱ्याची सेवा केल्याखेरीज तिला मोक्ष नाही. त्या शोमरोनी बाईशी बसून बोलणारा, उपासना डोंगरावर करायची की यरुशलेमात याची चर्चा तिच्याशी करणारा देव रमाबाईंना हवा होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह, म्हणजे मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला.

इथे आपली रविवारची साक्ष संपली असती. रमाबाईंचं भांडण इथे सुरू झालं. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार वाचावा. त्रैक्य पटत नाही म्हणून वाद, ख्रिस्ताच्या देवपणावरून वाद. मांस खाणार नाही म्हणजे नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं का, मला लॅटिन येत नाही आणि माझ्या देशातल्या बायांनाही येत नाही, संस्कृत घाला. जेराल्डीनबाईंना हा गर्व वाटला. मला ती प्रामाणिक बाई दिसते. जिने बापाचं शास्त्र तपासल्याशिवाय पाळलं नाही ती बिशपचं तरी का पाळेल?

आणि मग १८९१च्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मकथन त्यांच्या हाती पडलं. ते वाचताना त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त सापडलेला नाही. आठ वर्षं धर्म चालला होता. विधवांसाठी शारदा सदन उघडून झालं होतं, अमेरिकाभर व्याख्यानं झाली होती, ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक निघून चार वर्षं लोटली होती.

*

हॅस्लमची गोष्ट कॉर्नवॉलमधली, १८५१ची. गडी स्वतः पाळक. प्रवचनाला उभा राहिला. ‘ख्रिस्ताविषयी तुम्हाला काय वाटते’ या वचनावर बोलता बोलता त्याला कळलं की आपल्याच उत्तरात खोट आहे, आणि तिथेच त्याचं अंतःकरण पालटलं. श्रोत्यांमधल्या एकाने ओरडून सांगितलं की पाळकाचाच पालट झाला! आपल्याच प्रवचनाने तरलेला पाळक मला दुसरा माहीत नाही. न तरलेले पुष्कळ माहीत आहेत.

*

रमाबाईंच्या या दुसऱ्या भेटीची किंमत शारदा सदनाने मोजली. सदनात धर्मोपदेश करायचा नाही अशी अट होती. रानडे, भांडारकर यांच्यासारखे लोक त्या भरवशावर सल्लागार मंडळात होते. १८९१नंतर रमाबाईंची प्रार्थना खोलीचं दार उघडं ठेवून होऊ लागली आणि मुली आत येऊन बसू लागल्या. त्यांना बोलावलं नव्हतं, हाकललंही नव्हतं. १८९३ साली वादळ उठलं, मंडळाने राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची बाजू मला समजते. भांडारकरांचीही समजते. ज्यांनी मुलगी दुसऱ्याच्या शब्दावर ठेवली त्यांचा राग खोटा नव्हता. जोतीराव फुले मात्र त्याआधीच, १८८५च्या ‘सत्सार’मध्ये, रमाबाईंच्या धर्मांतराच्या पाठीशी उभे राहिले होते. त्यांना यात स्त्रीचा शास्त्राशी झालेला हिशोब दिसला.

*

नारायण वामन टिळकांची गाठ रेल्वेत पडली. १८९३च्या सुमाराची गोष्ट, नागपूरहून राजनांदगावला जाताना. डब्यात एक गोरा प्रवासी होता. संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या. त्याने नवा करार हाती ठेवला आणि सांगितलं की ख्रिस्ताचं चरित्र मन लावून वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. नावगाव टिळकांनी विचारलं नाही. चिडले असणार. त्या वेळी ते स्वतःच जगाला पुरेल असा एक नवा धर्म रचायच्या बेतात होते, आणि असा माणूस दुसऱ्याचं भाकीत सहसा सोसत नाही. पुस्तक वाचण्याचा शब्द दिला होता म्हणून वाचायला घेतलं, हातात पेन्सिल घेऊन. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी आले आणि डोंगरावरचं प्रवचन सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. भाकीत खरं ठरलं.

पुढे ते म्हणत, मी ख्रिस्ताकडे तुकारामाच्या पुलावरून आलो. हे वाक्य आमच्याकडे इतकं घोटलं गेलं आहे की त्यातला धाडसीपणा गेला. मिशनच्या पगारावर असलेला माणूस सांगतो आहे की माझी वाट तुमच्या शाळेतून गेली नाही, देहूवरून गेली. त्यांचं ‘अभंगांजली’ चाळावं. क्षमा मागणारा, कासावीस होणारा, देवाशी हुज्जत घालणारा स्वर वारकऱ्याचा आहे. पूल ओलांडून झाल्यावर त्यांनी तो पाडला नाही.

*

नवरा ख्रिस्ती झाला आणि लक्ष्मीबाई चार-पाच वर्षं त्याच्यापासून वेगळ्या राहिल्या, त्यातला काही काळ पंढरपुरात. सोवळ्याचं वेड घरातूनच आलेलं. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याची वर्णनं ‘स्मृतिचित्रे’त आहेत, हसू येतं आणि मागाहून अंगावर येतात. पुढे त्या टिळकांकडे परत आल्या, पण ख्रिस्ती व्हायला नव्हे, संसार करायला. चूल वेगळी, पाणी वेगळं, जात शाबूत.

राहुरीत पालट झाला, आणि तो ख्रिस्तापाशी सुरू झाला नाही, पाण्यापाशी झाला. जात देवाने केली असेल तर तिची काही खूण अंगावर का नाही? पशुपक्ष्यांच्या जाती ओळखू येतात, माणसाच्या का येत नाहीत? असा विचार करता करता त्यांचा निश्चय झाला की ही माणसांची करणी आहे, आणि यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. टिळकांना त्यांनी हे सांगितलं. टिळकांनी त्यांच्या मागे बायबल घेऊन फिरणं कधीच सोडलं होतं, हे त्यांचं मोठेपण. १९०० साली लक्ष्मीबाईंनी आणि त्यांच्या मुलाने, दत्तूने, बाप्तिस्मा घेतला.

धर्मशास्त्राच्या वर्गात शिकवतात तो क्रम असा: आधी पापाची जाणीव, मग पश्चात्ताप, मग विश्वास, मग शेजाऱ्यावर प्रीती. लक्ष्मीबाईंनी टोक उलट धरलं. आधी शेजारणीच्या हातचं पाणी प्यायल्या, मग बाकीचं आलं. मला वाटतं आपल्याकडे हाच क्रम जास्त खरा आहे. ज्याला पाणी चालत नाही त्याला देव चालतो, याला काय अर्थ?

टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य सुरुवातीच्या अध्यायांवर थांबलेलं होतं. उरलेला मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहून पुरा केला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने.

*

दिमिष्काच्या वाटेवरची पौलाची गोष्ट साक्षीचा नमुना मानली जाते: प्रकाश, आवाज, अंधत्व, पालट. प्रेषितांच्या कृत्यांत ती तीनदा येते, नवव्या, बाविसाव्या आणि सव्विसाव्या अध्यायात. एके ठिकाणी सोबत्यांना वाणी ऐकू येते पण कोणी दिसत नाही. दुसऱ्या ठिकाणी त्यांना प्रकाश दिसतो पण वाणी कळत नाही. टीकाकारांना यात विसंगती सापडते. मला हायसं वाटतं. एकदा लेखक सांगतो, मग जमावापुढे आणि राजापुढे पौल स्वतः तीच गोष्ट सांगतो, तेव्हा ती थोडी हलणारच. आणि गलतीकरांच्या पत्रात पौल सांगतो की त्यानंतर मी अरबस्तानात गेलो, आणि यरुशलेमला तीन वर्षांनी. त्या तीन वर्षांचं तो काहीच सांगत नाही.

*

नीळकंठशास्त्री गोऱ्हे. जन्म १८२५, वाढले काशीत. मिशनऱ्यांचं खंडन करायला गेले. जॉन म्यूरच्या ‘मतपरीक्षा’ या पुस्तकाला त्यांनी संस्कृतात खरमरीत उत्तर लिहिलं. विल्यम स्मिथ या मिशनऱ्याशी वाद घालता घालता, प्रतिपक्षाचा ग्रंथ अभ्यासता अभ्यासता, स्वतःच त्या बाजूला गेले. १४ मार्च १८४८ला जौनपूरला बाप्तिस्मा झाला, नाव नेहेम्या पडलं.

इतकी स्वच्छ बुद्धी क्वचित. ‘षड्दर्शन दर्पण’ लिहून त्यांनी साही दर्शनांची झाडाझडती घेतली. आणि याच बुद्धीने त्यांना आयुष्यभर सुखाने झोपू दिलं नाही. शंका येतच राहिल्या. १८९५ साली मुंबईत वारले तोवर त्यांना ‘आपलं तारण झालं’ असं छातीठोक म्हणता आलं नसावं, निदान त्यांचं चरित्र वाचून तसं वाटतं. तरी रमाबाईंना त्रैक्याचं कोडं पडलं तेव्हा समजूत घालणारं पत्र लिहिलं ते याच गोऱ्ह्यांनी! जो स्वतः डळमळतो त्याचंच उत्तर पटलं. ज्यांना कधी शंका आली नाही त्या भगिनींचं पटलं नव्हतं.

आमच्या तरुण मंडळीत नेहेम्या गोऱ्हे आले असते तर कुणीतरी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून अविश्वासाचा आत्मा घालवायची प्रार्थना केली असती. त्यांनी मुकाट्याने करू दिली असती.

*

बाबा पदमनजी बाप्तिस्म्याआधी मुंबईत परमहंस मंडळीत जात. ही गुप्त सभा. जात मोडायची, पण दाराला कडी लावून. नव्या सभासदाने ख्रिस्त्याने भाजलेला पाव खायचा, ही तिथली दीक्षा. पदमनजींना वाटलं, चोरून खाल्लेल्या पावाने माणूस मोकळा होत नाही. १८५४ साली बेळगावात त्यांनी चारचौघांत बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९०मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून केवढं ग्रामण्य माजलं, लोकमान्यांपासून रानड्यांपर्यंत कोणकोण त्यात सापडले, ते सगळ्यांना माहीत आहे. पावापासून चहापर्यंत छत्तीस वर्षं.

*

वरच्या टिपणांत एक खोट आहे, ती सांगायला हवी. ही सगळी नावं शिकलेल्यांची, बहुतेक ब्राह्मणांची. अहमदनगर जिल्ह्यातल्या मंडळ्या भरल्या त्या महारवाड्या-मांगवाड्यांतून. त्या आजी-पणजोबांनी ‘अरुणोदय’ लिहिलं नाही. १८७६ ते ७८च्या दुष्काळात मिशनने काम दिलं, धान्य दिलं, पोरकी मुलं सांभाळली, आणि त्यानंतरच्या वर्षांत गावंच्या गावं आली. म्हणून ‘पोटासाठी ख्रिस्ती’ हा शिक्का बसला, तो अजून पुसला नाही.

टिळकांना देव ग्रंथात भेटला तर तो आध्यात्मिक शोध. माझ्या पणजीला दाण्याच्या पोत्याशी भेटला तर तो व्यवहार. असं का? पाच हजारांना भाकरी वाढल्यावर लोक येशूच्या मागे लागले तेव्हा त्यानेही त्यांना टोकलं की तुम्ही भाकरी खाल्लीत म्हणून मला शोधता. पण त्याने आधी वाढली आणि मग टोकलं. शिवाय दाणे संपले, पाऊस पडला, आणि ती माणसं परत गेली नाहीत. वाड्यातल्या देवळाबाहेर उभं राहण्यापेक्षा या देवळात सतरंजीवर बसणं त्यांना बरं वाटलं. त्यांनी ते लिहून ठेवलं नाही, गायलं. त्यातली पुष्कळ गाणी टाळ-मृदंगावर बसतात, कारण चाली घरातल्याच होत्या.

सगळीकडे असंच झालं असंही नाही. गोव्यात तलवार आणि इन्क्विझिशन होतं, तिथे मनाच्या पालटाची भाषा जपून वापरावी. त्याच गोव्यात फादर स्टीफन्सने १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या. जुनी पुराणं हिरावलेल्या माणसांना ऐकायला काहीतरी हवं होतं. इंग्रज माणूस, आणि ओवी अशी की देशावरच्या कीर्तनकाराने मान डोलवावी. जुलूम आणि गोडवा एकाच ठिकाणी नांदले. मला त्याची संगती लावता येत नाही.

*

केडगावचं मुक्ती मिशन, जून १९०५. वेल्समधल्या जागृतीच्या बातम्या आल्या होत्या. मुली रोज पहाटे प्रार्थनेला जमत. २९ जूनच्या रात्री एक मुलगी अंगात आग शिरल्यासारखी ओरडत उठली. शेजारच्या मुलीला ती खरोखरच पेटलेली दिसली आणि ती पाण्याची बादली आणायला धावली, असं मिनी एब्रम्स या तिथल्या मिशनरी बाईंनी लिहिलं आहे.

पुढे आठवडेच्या आठवडे रडणं, पापं कबूल करणं, एकाच वेळी शेकडो आवाजांत प्रार्थना. काहींना हा उन्माद वाटला. या मुली कोण होत्या ते लक्षात घेतलं तर मला तो शब्द वापरवत नाही. मध्य प्रांतातल्या आणि गुजरातेतल्या दुष्काळांतून रमाबाईंनी उचलून आणलेल्या, बालविधवा, विकल्या जाता जाता वाचलेल्या. त्यांनी एरवी मोठ्याने रडायचं कुठे? पण बादली घेऊन धावणारी ती मुलगी मला सर्वांत जवळची वाटते. पवित्र आत्म्याचा अग्नी समोर आहे, आणि तिला सुचतं ते पाणी आणणं.

रमाबाई त्या धामधुमीतही हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं भाषांतर करत होत्या, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. १९२२च्या एप्रिलात त्या गेल्या तेव्हा काम हातावेगळं झालेलं होतं.

*

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य असावेत, ही त्यांची अट. मिशनरी बुचकळ्यात पडले. आपल्या मंडळ्यांनाही ते रुचलं नाही: आम्ही जात, जमीन, भाऊबंद सोडून पाण्यात उतरलो, आणि हे काठावरच्यांना आमच्या शेजारी बसवतात. त्यांच्या रागाला आधार होता. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार विस्कटला. त्यांची गीतं मात्र याच मंडळ्यांच्या उपासनेत अजून दर रविवारी चालतात.

काठावरची माणसं आजही आहेत, आणि आता त्यांच्या थांबण्याला दुसरं कारण आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आले नाहीत. म्हणजे बाप्तिस्म्याची तारीख कागदावर चढली की जातीचा दाखला जातो, त्याबरोबर शिष्यवृत्ती आणि नोकरीतली जागा जाते. वाड्यातला अपमान मात्र जात नाही, तो दाखला विचारत नाही. त्यामुळे अशी घरं आहेत जिथे आजी बाप्तिस्मा घेतलेली, मुलगा नाही, नात रविवारच्या शाळेत बायबलची वचनं पाठ म्हणते आणि कॉलेजच्या फॉर्मवर हिंदू लिहिते. पाळकसाहेबांना हे माहीत असतं. ते प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षरस कुणापुढे धरायचा याचा निर्णय दर महिन्याला करतात. काही जण नियमाने चालतात, काही जण त्या क्षणी डोळे मिटून घेतात.